काष्ट्याखालचा तीळ

मागच्या महिन्यात शाळा सुटायच्या वेळेला शेजारच्या गावची एक बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. मुलं पांगेपर्यंत थांबली, मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, तुमचा तीळ कापला म्हणते. लय दुखते का?" तिच्या खांद्यामागे असाच एक काळा तीळ वाढत होता. मी सांगितलं, सुई टोचताना आग होते, मग नुसती ओढाताण कळते. तिचं समाधान झालं नाही. पदराशी चाळा करत ती उभीच. शेवटी जे विचारायला आली होती ते विचारलं, "अन् अंगावरचं सारं काढा लागते का, डॉक्टरापुढं?"

त्याचं उत्तर फाटकाशी उभं राहून देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. मी सुलतानपूरला शाळेत शिकवते. आरोग्याचा तास मीच घेते. नखं कापा, खरूज लपवू नका, दुखलं तर घरी सांगा, हे मी फळ्यावर ठळक अक्षरात लिहून देते. आणि मी स्वतःचा तीळ लपवला. लपवला तो तरी कसा, तर सगळ्या घराला भलत्याच आजाराच्या मागे लावून. हे वाचून कोणी हसलं तर हसू द्या, मला त्याचं काही वाटणार नाही. ज्याचं वाटायचं ते वाटून झालं आहे.

*

तीळ जन्माचा. कंबरेच्या खाली, मागच्या बाजूला, नऊवारीचा काष्टा खोचतात तिथे. मी तो कधी पाहिलेलाच नव्हता. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते? आंघोळीच्या वेळी बोटाला लागायचा, मुगाच्या दाण्याएवढा. लग्न झालं, दोन पोरी झाल्या, त्या मोठ्या झाल्या, तरी तो होता तेवढाच. मग एका उन्हाळ्यात तो बोटाला वेगळा लागू लागला. खरबरीत झाला, एका बाजूनं पसरला, खाजायला लागला. काष्टा दिवसभर त्यावर घासायचा. मला वाटलं घामोळं असेल. खोबरेल लावलं, हळद लावली आणि विसरून गेले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एक दिवस फळ्यावर बेरजा लिहीत होते. लिहून वळले तर आमचे हेडमास्तर दारात उभे. त्यांनी मान खाली घातली आणि आले तसे परत गेले. मला काही कळेना. घरी आले तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगणात तूर पाखडत होत्या. मी पुढे गेले तसं त्यांनी मागून पाहिलं.

"बाहेरची झाली का वं, वच्छला? लुगड्याले डाग लागला."

मी हात मागे नेला. डाग ओला होता. ती माझी वेळ नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. बोट काष्ट्याखाली गेलं आणि समजलं, रक्त तिळाचं आहे. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की आत्याबाई, मला मागे एक तीळ आहे, तो चिघळला आहे. पण मग त्या म्हणणार, पाहू दे. मग काष्टा सोडायचा, तोही दिवसाउजेडी. माझ्या नवऱ्यानंसुद्धा मला दिवसाउजेडी तशी कधी पाहिलेली नाही. मी म्हणाले, "हाव."

झालं. त्या एका शब्दावर दिवाळीपर्यंतचे दिवस गेले.

*

आमच्या घरात पाळी आलेली बाई मागच्या पडवीत बसते. चुलीला, पाण्याला, देवाला शिवत नाही. माझ्यापुरती एक सवलत होती, की शाळेत जायचं. चाळीस पोरांना शिवलं तर चालत होतं, घरच्या मडक्याला शिवलेलं चालत नव्हतं. याचा मेळ आत्याबाई कसा घालत होत्या ते मी कधी विचारलं नाही. पडवीत घोंगडी टाकून बसले. खोटं कशाला बोलू, पहिल्या वेळी बरंच वाटलं. भाकरी थापायच्या नाहीत, पाणी भरायचं नाही. निवांत वह्या तपासल्या. फक्त भिंतीला पाठ टेकता येईना.

पंधरवडा उलटतो न उलटतो तोच पुन्हा डाग. मध्ये माझी खरी पाळी येऊन गेली. मग पुन्हा डाग. आत्याबाई बोटांवर दिवस मोजायला लागल्या. हिच्या अंगावरून जातं आहे, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यांची सख्खी बहीण तसल्याच दुखण्यात गेली होती, त्यामुळे त्या फार घाबरल्या. त्यांनी माझ्या नवऱ्याला मेहकरच्या वैद्यांकडे धाडलं. हा माणूस असा, की बाजारात बांगड्यांच्या दुकानासमोरून जाताना मान वर करत नाही. त्यानं वैद्यांपुढं हे कसं सांगितलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. संध्याकाळी येऊन पुडी कोनाड्यात ठेवली आणि गोठ्यात निघून गेला. पुडीत अशोकाची साल होती, काढ्यासाठी.

मी तो काढा प्यायले. रोज सकाळी वाटीभर. पाठीवरच्या तिळासाठी पाळीचं औषध. मी नाक दाबून घोट घ्यायची आणि समोर आत्याबाई गुळाचा खडा घेऊन उभ्या असायच्या, लहान पोरासमोर उभं राहावं तशा. आणि त्यांनी देवीचे मंगळवार धरले. दिवसभर अन्न नाही, चहा नाही. त्या वयात, वर निंदणाच्या बायांबरोबर शेतात राबून. एका मंगळवारी बांधावर चक्कर येऊन बसल्या. यांनी पाठीवर घालून घरी आणलं. तोंडावर पाणी मारल्यावर डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाल्या असतील? "हिचं रगत थांबलं का?"

तेव्हा तरी सांगायचं. मी तोंड उघडलंही होतं. पण आता दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या, तीळही आणि खोटंही. तिळापेक्षा खोट्याचीच लाज मोठी झाली होती. मी तोंड मिटलं आणि त्यांचे तळपाय चोळत बसले. इतकी हलकी मी स्वतःला कधी वाटले नव्हते.

*

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आमच्याकडे सासू सुनेला तेल लावते. मी दर वर्षी कंबरेपर्यंतच लावून घ्यायची. त्या पहाटेही न्हाणीत जुनं लुगडं घट्ट लपेटून पाटावर बसले. कोनाड्यात चिमणी मिणमिणत होती. आत्याबाईंनी डोक्याला, मानेला, पाठीला तेल जिरवलं. हात खाली यायला लागला तशी मी आकसले.

"नीट बस नं वं. नवी नवरी हायेस का?"

त्यांनी लुगडं सैल केलं आणि हात फिरवला. मला अशी कळ आली की तोंडातून आवाज निघाला. त्यांनी हात वर घेऊन चिमणीच्या उजेडात धरला. तेलात रक्त मिसळलं होतं. त्यांनी चिमणी उचलली आणि माझ्या मागे वाकल्या.

"हे काय व्हय?"

"तीळ आहे."

"डाग याचेच पडून राह्यले होते?"

मी मान हलवली.

"मंग मी मंगळवार कायले धरून राह्यली होती?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चिमणी जागेवर ठेवली आणि माझ्या अंगावर ऊन पाणी घालायला लागल्या, तिळाला धार लागणार नाही अशा बेतानं. "सणाचं कोणापाशी बोलू नोको," एवढंच म्हणाल्या. भाऊबीज झाल्यावर त्यांनी यांना सांगितलं, की तुझ्या बायकोच्या पाठीला फोड झाला आहे, तो बुलढाण्याला दाखवायचा आहे. बाकीचं सांगितलं नाही. मी स्वतः सांगेन म्हणून त्यांनी ते ठेवलं होतं, आणि मी तेही केलं नाही.

*

मेहकर, चिखली करत एसटी बुलढाण्याला पोचली तेव्हा मी पुढच्या सीटच्या दांडीला धरून वाकडी बसलेली होते. उतरल्यावर थंडी झोंबायला लागली. सरकारी दवाखान्यात बायकांची रांग वेगळी होती, पण रांगेच्या टोकाला डॉक्टर पुरुषच होते. लेडी डॉक्टर बाळंतपणाच्या. मी रांगेतून मागे सरकले. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं. हे पडद्याबाहेर थांबले. पडदा कापडाचा होता, सगळं पलीकडे ऐकू जाणार होतं.

फाटकाशी आलेल्या बाईसाठी आता सांगते. सगळं काढावं लागत नाही. मला सिस्टरनं पालथं झोपायला सांगितलं, काष्टा सोडून घेतला आणि वीतभर जागा मोकळी ठेवून बाकी अंगावर चादर घातली. डॉक्टर माझ्याकडे पाहतच नव्हते, तिळाकडे पाहत होते. सोनार मोती पाहतो तसे भिंग लावून. मग उताणं करून जांघेत गाठी चाचपल्या. त्या वेळी मात्र मी डोळे गच्च मिटून घेतले. तेवढ्यात संपलंही. ज्या गोष्टीच्या भीतीनं मी एवढे महिने घालवले, ती चुलीवरचं दूध उतू जाईल एवढा वेळही चालली नाही.

अवघड होते ते प्रश्न.

"रक्त केव्हापासून येतं?"

"जूनपासून."

"मग आतापर्यंत काय उपाय केला?"

"काढा घेतला."

"कसला?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंडाला पदर लावला होता. "अशोकाच्या सालीचा," मी म्हणाले.

डॉक्टर हात धुवत होते ते थांबले. "तो तर पाळीच्या तक्रारीवर देतात."

मग सांगावंच लागलं. डाग, पडवी, वैद्य, काढा, सगळं. मी जमेल तेवढं हळू बोलत होते. पडद्यापलीकडे यांची वहाण फरशीवर घासत होती, ती मध्येच थांबली. माझं बोलणं संपल्यावर डॉक्टरांनी माझ्या केसपेपरकडे पाहून विचारलं, "बाई, तुम्ही शाळेत शिकवता ना?" ते रागावून नव्हते विचारत, खरंच विचारत होते. मला हो म्हणवेना.

तीळ काढून तुकडा नागपूरला तपासायला पाठवायचा, असं ठरलं. साधा असेल किंवा कॅन्सर असेल, ते नागपूरहून कळेल. आमच्याकडे तो शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नाही. आत्याबाईंना तो कळला नाही आणि त्यांनी विचारला नाही.

बाहेर बाकावर हे तंबाखू मळत बसले होते. मी शेजारी बसले, एका बाजूवर. तंबाखू मळून झाली तरी यांनी तोंडात टाकली नाही.

"मी त्या वैदापुढं कसा बोललो, मले माहीत," ते म्हणाले. "मले काऊन नाही सांगतलं? मी तुहा कोण व्हय?"

"लाज वाटली."

"माही?"

"तुमची नाही. माझीच."

ते उठून गेले. मला वाटलं एसटी स्टँडवर गेले असतील, आणि गेले असते तरी मी काय म्हणणार होते? थोड्या वेळानं केळी घेऊन आले, माझ्या मांडीवर ठेवली आणि तोंड फिरवून बसले. दिवसभर तसेच बसून राहिले.

*

कापताना भूल फक्त तेवढ्या जागेला देतात. आपण जागे असतो. सुई टोचताना अशी आग झाली की मी उशी चावली. त्यानंतर मग कोणीतरी आपलं लुगडं ओढतं आहे, एवढंच वाटतं. कात्रीचा आवाज ऐकू येतो, तो नको वाटतो. मी थरथरत होते म्हणून डॉक्टर म्हणाले, "मास्तरीणबाई, पाढा म्हणा बरं, एकोणतीसचा." मी सुरू केला. एकोणतीस साते येईपर्यंत ठीक होतं, तिथे मी चुकले. पुन्हा पहिल्यापासून म्हटला आणि पुन्हा तिथेच चुकले. अंगाखाली माझंच रक्त, डोक्यावर दिवा, आणि मला लाज कशाची वाटावी, तर पाढा चुकल्याची. सिस्टर हसली. मग मलाही हसू आलं. डॉक्टर म्हणाले, हसू नका, टाका वाकडा पडेल.

झाल्यावर मी म्हणाले, मला तो पाहायचा आहे. त्यांनी बाटली समोर धरली. कडुनिंबाच्या पानाच्या आकाराचा कातडीचा तुकडा आणि त्यावर मध्यभागी तो, काळा, एका बाजूला निळसर. जन्मभर माझ्या अंगावर होता आणि मी तो पहिल्यांदा बाटलीत पाहिला. एवढासा. मी बघतच राहिले.

*

वॉर्डात सकाळी ड्रेसिंग, दुपारी भेटायला येणारे, संध्याकाळी आत्याबाईंची पोथी. पाठीवर झोपता येत नाही, खोकताना टाके ओढतात, वाकून काही उचलता येत नाही. ज्यांना हे करून घ्यायचं आहे त्यांनी सोबत मऊ जुनेर न्यावं आणि एक बाईमाणूस न्यावं. शेजारच्या खाटेवरची बाई रोज विचारायची, तुम्हाला काय झालं. पहिल्या दिवशी आत्याबाईच म्हणाल्या, "कंबर लचकली तिची." मी त्यांच्याकडे पाहिलं. "काऊन? तूच एकटी लबाड बोलतं का?" असं म्हणून त्या लाडू वळावा तसे माझ्यासाठी भाताचे घास वळायला लागल्या. त्यांनी दिवाळीनंतर मला टोचून म्हटलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते ऐकून मला हलकं वाटलं.

काष्टा आता जमणार नव्हता. टाक्यांवर काही घासायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यांनी बाजारातून पाचवारी आणली. आमच्या घरात सुनेनं गोल पातळ नेसायचं नाही असा नियम होता, आणि तो आत्याबाईंचाच होता. त्यांनीच ते मला उभं करून नेसवलं. निऱ्या त्यांना घालता येईनात, दोनदा सुटल्या. "शहरातल्या बाया हे कसं सांभाळतात, देव जाणे," म्हणाल्या. तेव्हापासून मी पाचवारीच नेसते.

*

घरी आल्यावर नागपूरच्या कागदाची वाट पाहणं सुरू झालं. सगळ्या दुखण्यात हे मला सर्वांत वाईट वाटलं. टाके निघाले, शाळा सुरू झाली, लोक विचारायचे, बरं आहे ना, मी म्हणायची बरं आहे. रात्री पोरी झोपल्या की त्यांच्याकडे पाहत राहायची. आपण लाजलो आणि त्या लाजेपायी या दोघी उद्या सावत्र आईच्या हाताखाली गेल्या, तर त्यांना काय सांगतील लोक? तुमची आई कशानं गेली? हे मनात आलं की उठून बसायची.

एका मंगळवारी आत्याबाईंचं ताट मांडलं तर त्या जेवायला येईनात.

"आता कशाला धरलात?" मी म्हणाले.

"पहिले लबाडीचे झाले. आता खरे करा लागतीन."

कागद आला तेव्हा आम्ही तिघं पुन्हा गेलो. डॉक्टरांनी तो वाचला आणि सरळ सांगितलं. वाईट होता. कॅन्सरच होता. पण कडेची चांगली कातडी निघाली आहे, मूळ मागे राहिलेलं दिसत नाही. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. घरी दर महिन्याला कोणीतरी जखमेभोवती आणि जांघेत चाचपून पाहायचं. गाठ लागली तर त्याच दिवशी निघायचं.

"मी उशीर केला का?" मी विचारलं.

"ते मला आज सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "गाठ आली नाही, तर नाही केला."

घरी कोण पाहणार, असं त्यांनी विचारलं. यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "मी पाहीन."

*

त्यांनी लक्षात राहावं म्हणून पौर्णिमा धरली. दर पुनवेला दुपारी, दार लोटून, उजेडात. पहिल्या खेपेला मी अंग चोरलं. त्या म्हणाल्या, "तुहं काय पाह्यचं राह्यलं आता?" मग मी नीट पडून राहायला शिकले. लाज गेली असं मी म्हणणार नाही. दर वेळी वाटते. लाज वाटत असताना पडून राहता येतं, एवढंच शिकले.

परवाची पुनव आली तेव्हा मी पडवीत बसलेली होते, खरोखरची. मनात म्हटलं, या वेळी दोन-तीन दिवस पुढं जाईल. बाहेर बसलेल्या बाईला शिवलं तर आत्याबाई डोक्यावरून आंघोळ करतात, आणि त्यांना सर्दी होती. दुपारी त्या पडवीत आल्या. घोंगडीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "वळ."

"आत्याबाई, मी बाहेरची आहे."

"डोळे हायेत मले. वळ."

त्यांनी वणावर बोटं फिरवली, सभोवती दाबून पाहिलं. मग जांघेत, एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, पुन्हा पहिल्या बाजूला. पुन्हा तिथेच. त्यांची बोटं थंडगार होती आणि जोरात दाबत होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "गाठ नाही."

त्या उठल्या. मला वाटलं न्हाणीकडे जातील. त्या आत गेल्या. चुलीजवळ भांड्यांचा आवाज आला, मडक्यातून पाणी घेतल्याचा आवाज आला. मी ऐकत बसले. आंघोळ न करता त्या मडक्याला शिवल्या होत्या. मग चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. बाहेर बसलेल्या बाईच्या हातात आमच्याकडे काही देत नाहीत, जमिनीवर ठेवतात आणि ती उचलते. आत्याबाईंनी कप खाली ठेवला नाही. माझा हात पुढे होईना. मी घेईपर्यंत त्या कप धरून तशाच उभ्या राहिल्या.